चौथी टोपी

उखा आप्पांच्या दुकानावर गाडी नेली की ते आधी तुमच्याकडे बघायचेच नाहीत. रामराम नाही, बस नाही. बाकावरून उठायचे, चाकाजवळ उकिडवे बसायचे, व्हॉल्व्हची टोपी काढायचे आणि बोटाला थुंकी लावून ते बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवायचे. मग डोळे बारीक करून त्या थेंबाकडे बघत राहायचे. बुडबुडा आला तर "हं". नाही आला तरी "हं". दोन्ही हं सारखेच संशयी. चारी चाकांची ही पूजा उरकली की मग उभे राहून तुमच्याकडे बघायचे, तेही त्याच नजरेनं. आपल्याला उगाच वाटायचं, आता हा माणूस आपल्यालाही थुंकी लावून बघतो की काय!

नंदुरबारहून धानोऱ्याकडे जाताना एका निंबाखाली त्यांचं पत्र्याचं शेड होतं. बोर्ड नव्हता. निंबाला ट्रकचा एक जुना टायर टांगलेला, तोच बोर्ड. खरं नाव उखर्डू. आधीची दोन भावंडं वाचली नाहीत म्हणून हा जन्मल्यावर आईनं याला क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचललं. आमच्याकडे जुन्या लोकांत तशी रीत होती. आप्पा त्यावरून म्हणायचे, "माले जलमताच उकिरडावर टाकेल शे, मी कोनवर इसवास ठेवू?" आणि स्वतःच खो खो हसायचे.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांचं एक ठरलेलं काम असे. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधायचं आणि ते रस्त्यानं ओढत न्यायचं, दुकानाच्या या अंगाला दोनशे पावलं, त्या अंगाला दोनशे पावलं. चुंबकाला जे खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे चिकटतील ते डालड्याच्या रिकाम्या डब्यात. पंक्चरवाला रस्त्यावरचे खिळे वेचतो हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, "आप्पा, तुम्ही ते आपलाच धंदा बुडाई ऱ्हायनात."

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, जवानीमा मन्हं दुकान अक्कलकुवाले व्हतं. कोनी तरी बोंब मारी, उखा रस्तावर खिया टाकस. मी टाकेल नव्हतात. पन गाड्या थांबन्या बंद व्हयन्यात. सहा महिनामा दुकान उठनं." डबा हलवून त्यांनी आतल्या खिळ्यांचा आवाज काढला. "तवपासून मी पहिले सोतावर संशय लेस, मंग दुनियावर."

दुनियेवर मात्र ते भरपूर घेत. गाडीचं काय झालं हे तुम्ही सांगितलं की म्हणायचे, "पुरं सांग." तुम्ही आणखी चार वाक्यं जोडायचात. ते टायर काढायचे, फिरवायचे, वास घ्यायचे आणि मान वर न करता पुन्हा, "पुरं सांग." एक धान्याचा व्यापारी त्यांच्याकडे महिन्यात तिसऱ्यांदा पंक्चर घेऊन आला. शेजाऱ्याचं नाव घेऊन शिव्या देत होता, तोच खिळे टाकतो म्हणून. तिसऱ्या "पुरं सांग"ला त्याच्या तोंडून निघालं की घराला नवं लोखंडी गेट बसवलंय आणि वेल्डिंगवाल्यानं अंगणातच काम केलं. आप्पांनी टायरमधून काढलेला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. वेल्डिंगच्या कांडीचा होता. "शेजारी नही, तुन्हं गेट शे हे." व्यापारी लाल होऊन निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. "पंक्चर निंघनं, मानूस तसाच ऱ्हायना," आप्पा म्हणाले.

हे सगळं मी मजेनं बघायचो, कारण तोवर ती नजर माझ्यावर फिरली नव्हती.

आम्ही रनाळ्याचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, माझा थोरला भाऊ नाना नंदुरबारला बी-खताचं दुकान चालवतो आणि बाबा गावी शेती बघतात. गाडी घरात एकच, सगळ्यांची. ती चालवायचा जयसिंग. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा, आमच्याकडे अकरा वर्षं होता. अर्धा वेळ ड्रायव्हर, अर्धा वेळ शेतावर. कमी बोलणारा. बाबांचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा. मला ते खुपायचं, खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वी होळीनंतर बाबा त्याला घेऊन अक्कलकुव्याकडे निघाले होते. होळीला गेलेले मजूर परतले नव्हते, त्यांना आणायला. अक्कलकुव्याच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला, गाडी रस्ता सोडून शेताकडेच्या पाण्याच्या चारीत गेली. बाबांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. जयसिंगला ओरखडाही नाही. नानाला त्याचाच पहिला राग आला.

दवाखान्याच्या ओट्यावर नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता, "चार दिवस होळीले जाईसन वना तो. मोहानी पी पी पिसन! नी टायर देख, दोन वरीसनं टायर आसं फुटस का? नवं इकी टाकं त्यानी नी जुनं चढाई दिधं. मी सोडाव नही, पोलिसमा देस." जयसिंग पायरीपाशी उभा होता, खांद्यावरच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत. त्याचे डोळे लाल होते. ते रात्र रात्र नाचून लाल होते की दारूनं की बाबांकडे बघून, हे मला कसं कळणार? पण मी मान डोलावली. संशयाला फार जागा लागत नाही. त्या दिवशी माझ्याकडे ती होती.

पोलिसात नाव गेलं असतं तर त्याच्या हाती जिल्ह्यात कुणी परत स्टिअरिंग दिलं नसतं. हे नानाला माहीत होतं, मला माहीत होतं आणि जयसिंगला आमच्या दोघांपेक्षा जास्त माहीत होतं. बाबा खाटेवरून एवढंच म्हणाले, "पहिले उखाले दाखाडा." म्हणून गाडी ओढून आप्पांच्या निंबाखाली आणली. नाना, मी आणि जयसिंग, तिघंही गेलो.

आप्पांनी फाटलेला टायर उतरवला. आधी त्याच्या अंगावरचे चार बारीक आकडे वाचले आणि मग उरलेल्या तीन टायरांवरचे वाचले. "हाई टायरनी जलमतारीख. चारी भाऊ संगेच जलमेल शेत. कोनी इकं नही, कोनी बदलं नही." नानाचा पहिला संशय तिथेच संपला, पण त्याचा चेहरा उतरला नाही. आप्पांनी रिमवरून सगळीकडे हात फिरवला. कुठे चेपलेलं नव्हतं, म्हणजे खड्ड्यात आदळली नव्हती. नक्षीत खिळा नव्हता. मग टायरच्या पोटात हात घालून त्यांनी मूठभर काळा भुगा बाहेर काढला आणि आमच्यासमोर धरला.

"हवा कमी व्हती," ते म्हणाले. "कमी हवावर पयाडं का टायरना गाल आतून दयाई जातस." टायरच्या बाजूला ते गाल म्हणत. हवा नसली की ते गाल दुमडतात, आतल्या आत घासतात, तापतात आणि शेवटी फाटतात. तो भुगा म्हणजे दळलेलं रबर होतं.

नानानं लगेच पकडलं. "म्हणजे हवा न देखता गाडी काढी यानी!"

आप्पा जयसिंगकडे वळले. "पुरं सांग."

जयसिंग म्हणाला, "सोमवारे संध्याकायले वनू. मंगयवारे सकायमा बाबा बोलनात, लवकर चाल, मजूर दुसराकडे जाई ऱ्हायनात. मी चाके डोयानी देखी, हात लावा नही. ती मन्ही चूक शे."

आप्पांनी त्याला दुसऱ्यांदा "पुरं सांग" म्हटलं नाही. माझ्या ध्यानात यायला हवं होतं ते, पण आलं नाही. "व्हयनं, कबूल कयं त्यानी," म्हणत नानानं खिशातून फोन काढला.

"थांबा नाना. हाऊ होळीले गया तवय गाडी कोठे व्हती?"

"रनायाले. मास्तर व्हता ना घर."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरलो की शाळेतलं मराठी बोलतो. म्हणालो, "गाडी घरीच होती, आप्पा. विशेष कुठे नेली नव्हती."

आप्पा "हं" म्हणाले. तेच ते हं. मग तीन चाकांच्या टोप्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि चौथ्या चाकाच्या उघड्या व्हॉल्व्हवर आणून थांबवलं. "हाई टोपी कोठे शे?" आमच्या तिघांवरून त्यांची नजर फिरली. त्यांनी बारक्या चावीनं व्हॉल्व्हच्या आतली पिन काढली आणि तळहातावर आपटली. नखाच्या टोकाएवढा एक पिवळट पापुद्रा पडला. तो त्यांनी उजेडात धरला आणि जिभेवर ठेवला. शी! मला कसंतरी झालं. "आंबट लागस," आप्पा म्हणाले. "हरभराले आंब ऱ्हास. त्यानंच भुसं शे."

आणि मला शनिवार आठवला.

हरभरा कापून खळ्यात पडला होता आणि आभाळ भरून आलं होतं. मजूर होळीला गेलेले, ट्रॅक्टरचा ड्रायव्हरही गेलेला. बाबा म्हणाले, गाडी फिरव वरून. आमच्याकडे मळणीला करतात तसं. मी गाडी खळ्यात घातली आणि हरभऱ्यावरून गोल गोल फिरवू लागलो. बाबांनी मूठभर उचलून बघितलं तर दाणे फुटून डाळ व्हायला लागली होती. ओरडले, "हवा कमी कर रे, नही ते घर बठे डाय व्हई जाई!" मी हरभऱ्याचीच एक वाळकी काडी उचलली आणि चारी व्हॉल्व्हच्या पिनी दाबून हवा सोडली. संध्याकाळी गाडीत लावायच्या छोट्या पंपानं परत भरली. भरली, हे मी आजही शपथेवर सांगतो. तीन टोप्या लावल्या. चौथी हातात असताना थेंब पडायला लागले, बाबांनी ताडपत्री धरायला हाक मारली, आणि मी ती गिअरजवळच्या खळग्यात टाकून पळालो. काडीचं भुसं पिनीत अडकलंय आणि हवा हळूहळू सुटतेय, हे मला कुठून कळणार? टोपी लावताना थुंकी लावून बघण्याची सवय उखा आप्पांना होती, मला नव्हती.

अपघाताच्या दिवशी हे आठवलं नव्हतं, तेही शपथेवर सांगतो. पण निंबाखाली आठवलं, सगळंच्या सगळं आठवलं, आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

नाना म्हणत होता, "हरभरानं भुसं म्हणजे शेतमा यानंच काही तरी..." आप्पांनी त्याला थांबवलं. "नाना, समोर च्या सांगी या. चार. साखर कमी." नाना रस्ता ओलांडून गेला. जयसिंग निंबाच्या पलीकडे जाऊन बसला. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, टोपी लई ये."

"कोणती टोपी, आप्पा?"

"कोठे शे म्हनं तवय नानानी जयसिंगकडे देखं. जयसिंगनी जमीनकडे देखं. तू गाडीना आत देखं."

मी गाडीत वाकलो, खळग्यातून टोपी काढली, आणून त्यांच्यापुढे धरली. घामानं ती बोटांना चिकटली होती. मी हळूच म्हटलं, "आप्पा, तुम्हीच सांगा नानाला. तुमचं ऐकतो तो."

"मी सांगं ते, टायर कसं फुटनं एवढंच समजी," आप्पा म्हणाले. "तू सांगं ते, जयसिंगनं नाव वाची जाई. आते तू देख."

नाना चहा घेऊन आला. आप्पांनी जयसिंगलाही हाक मारून बोलावलं. चहाचा ग्लास हातात घेऊन मी सुरुवात केली, "नाना, मला वाटतं हरभऱ्याच्या वेळी हवा थोडी कमी झाली असावी."

"पुरं सांग," आप्पा म्हणाले.

"म्हणजे, दाणे फुटत होते, त्यामुळे हवा सोडावी लागली."

"मास्तर, शाळामा नही शे तू. पुरं सांग."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग मी म्हणालो, "मी सोडी. चारी चाकनी हवा मी सोडी, हरभरानी काडीनी. टोपी बी मीच लावी नही. जयसिंग तवय घर नव्हताच. त्याना काही संबंध नही शे." बोलता बोलता मला रडू फुटलं. चाळीशी उलटलेला मास्तर, भर रस्त्यावर चहाचा ग्लास धरून रडतोय!

नानानं फोन खिशात टाकला. जयसिंगला एक शब्द बोलला नाही, चुकलं म्हणाला नाही. "चला, बाबा वाट देखत व्हतीन," म्हणाला आणि निघाला. मीही जयसिंगची माफी मागितली नाही, नुसताच उभा राहिलो. जयसिंगनं चहा संपवला, ग्लास विसळून ठेवला, खिशातून गाडीची चावी काढून आप्पांच्या बाकावर ठेवली आणि रस्त्याला लागला. मी हाक मारली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

आप्पांनी चावी माझ्या हातात दिली. टोपी दिली नाही. ती त्यांनी डालड्याच्या डब्यात खिळ्यांबरोबर टाकली. "त्यानी बी हात लावाले पाहिजे व्हता चाकले," ते म्हणाले, "पन त्यानी ते पहिला टाइमलेच सांगी दिधं."

बाबा बरे झाले. त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "हवा सोड म्हनीसन मीच बोलनू ना. अर्धी चूक मन्ही शे." पण जयसिंग परत आला नाही. मी त्याच्या पाड्यावर दोनदा गेलो. एकदा तो घरी नव्हता. दुसऱ्यांदा होता, त्यानं खाट टाकली, चहा दिला, मक्याचं बोलला, बायकोच्या गुडघ्यांचं बोलला. माझी माफी त्यानं ऐकून घेतली आणि जनावरांना पाणी पाजायला उठला. आता तो अक्कलकुव्याकडून प्रवाशांची जीप चालवतो. कधी रस्त्यात समोरून यायचा, हात करायचा नाही.

आप्पांकडे मात्र मी जात राहिलो. आमच्या गाडीच्या व्हॉल्व्हवर ते इतरांपेक्षा जास्त वेळ बोट ठेवत, आणि मी खालमानेनं उभा राहायचो. गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले. नंदुरबारच्या दवाखान्यात भेटायला गेलो तर सलाईनच्या नळीकडे टक लावून पडले होते. नर्सला म्हणाले, "बाई, थेंब बरोबर पडी ऱ्हायना का? तुम्ही मोजात का नुसतं देखं?" ती चिडली. मी हसलो. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "जयसिंग भेटना का?" मी म्हटलं, भेटतो, बोलत नाही. ते "हं" म्हणाले. या खेपेला त्या हंमध्ये संशय नव्हता, का मलाच तसं वाटलं, देव जाणे. आठवड्यानं आप्पा गेले.

उत्तरकार्याला निंबाखाली मांडव घातला होता. जेवणं उरकल्यावर मी गाडीकडे आलो तर शेजारी जयसिंगची जीप उभी, आणि जयसिंग आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाकडे बघत उभा. तीन वर्षांत आम्ही रस्त्याच्या कडेला एवढे जवळ उभे राहिलो नव्हतो. मग आपोआप तोंडातून निघालं, "हवा सकायमा भरेल शे, जयसिंग. पन या चाकनी दोन दिनमा उतरी जास. व्हॉल्व्ह खराब शे. महिना व्हयना, आयस करी ऱ्हायनू मी, अजून बदला नही."

तो उकिडवा बसला. टोपी काढून खिशात टाकली, बोटाला थुंकी लावली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवली. मी त्याच्यामागून वाकून बघत होतो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग थेंब फुगला, एक बारीक बुडबुडा आला आणि फुटला.

जयसिंगनं टोपी परत लावली, घट्ट फिरवली, आणि उठताना पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"या टाइमले पुरं सांगी दिधं तुम्ही," तो म्हणाला.